टेप कुणाची उरते? वैमानिकांचं बोलणं, अपघात आणि आपला डेटा

१३ जानेवारी १९८२. वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडतोय. एअर फ्लोरिडाचं ९० क्रमांकाचं उड्डाण, बोइंग ७३७, धावपट्टीवर वेग घेतंय. विमान को-पायलट चालवतोय, कॅप्टन शेजारी बसून वेगाचे आकडे वाचतोय. इंजिनाचा जोर दाखवणारा काटा २.०४ वर आहे, म्हणजे हवा तिथेच. पण ज्या छोट्या नळीतून इंजिनातला दाब त्या यंत्राला कळतो, ती बर्फाने बुजलीये. इंजिन तापवून बर्फ वितळवणारी यंत्रणा बंदच राहिली आहे. खरा जोर आहे १.७० च्या आसपास.

को-पायलटला काहीतरी खटकतं. तो म्हणतो, हे बरोबर वाटत नाही, नाही का? कॅप्टन म्हणतो, बरोबर आहे, वेग ऐंशी झाला. को-पायलट पुन्हा म्हणतो, नाही, मला नाही वाटत बरोबर. आणि लगेच स्वतःच माघार घेतो: असेलही कदाचित. त्यानंतर जेमतेम एक मिनिट. विमान उचललं, पण वर चढेना. पुलावरच्या गाड्यांना धडकून ते पोटोमॅक नदीत पडलं. विमानातले ७४ आणि पुलावरचे ४, असे ७८ जण गेले.

हा प्रसंग संवादावरच्या बहुतेक व्याख्यानांत येतो आणि त्याचं तात्पर्यही ठरलेलं असतं: को-पायलट आडून बोलला, स्पष्ट बोलला असता तर लोक वाचले असते. संशोधनाची तयारी करणाऱ्यांपैकी ज्यांना 'संवाद आणि सुरक्षितता' अशा विषयावर सिनॉप्सिस लिहायचाय, त्यांच्यासाठी आजचा लेख आहे. कारण या तात्पर्यात एक मोठी फट आहे, आणि ती विमानांपुरती नाही.

आधी या तात्पर्यामागचं संशोधन बघू, कारण ते चांगलं आहे. शार्लट लिंडे या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९८८ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी अपघातग्रस्त विमानांतल्या संभाषणांचे ट्रान्सक्रिप्ट घेतले, सिम्युलेटरमधली संभाषणंही घेतली, आणि प्रत्येक वाक्य किती मवाळ आहे ते तपासलं. हाताखालचा माणूस वरिष्ठाशी जास्त मवाळ बोलतो, आणि मवाळपणे मांडलेला मुद्दा समोरच्याने उचलून न धरण्याची शक्यता जास्त असते, असं त्यांना दिसलं. पुढे उटे फिशर आणि जुडिथ ओरासानू यांनी वैमानिकांनाच विचारलं: समोर वादळी ढग आहे, शेजारच्याला काय म्हणाल? उत्तरांचे सहा प्रकार पडले. मराठीत ते साधारण असे होतील. हुकूम: 'उजवीकडे वळवा.' गरज: 'आपल्याला आता वळायला हवं.' सूचना: 'चला, ढगाला वळसा घालू या.' प्रश्न: 'कोणत्या बाजूने जायचं?' पसंती: 'मला वाटतं, वळलेलं बरं.' आणि शेवटी नुसता इशारा: 'पुढचा ढग जबरदस्त दिसतोय.' कॅप्टनांचा कल हुकमाकडे, को-पायलटांचा इशाऱ्याकडे.

पण याच संशोधकांनी पुढे वैमानिकांना विचारलं की कोणतं बोलणं परिणामकारक वाटतं. तेव्हा हुकमाचा पहिला नंबर आला नाही. 'आपल्याला हे करायला हवं' अशी, दोघांची मिळून जबाबदारी मांडणारी वाक्यं जास्त सरस ठरली. (एक गंमत: इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' यांना एकच शब्द आहे. मराठीत ऐकणाऱ्याला धरून घेणारं 'आपण' वेगळं आहे. हा भेद कामाच्या जागी काय करतो, यावर मराठीत कुणी नीट काम केलं तर मला वाचायला आवडेल.)

आता मंगळुरूकडे येऊ. २२ मे २०१०, एअर इंडिया एक्स्प्रेसचं ८१२ क्रमांकाचं उड्डाण, दुबईहून येणारं. चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते हवाई दलाचे निवृत्त उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले. ध्वनिमुद्रण सुमारे दोन तास पाच मिनिटांचं होतं आणि त्यातला पहिला जवळजवळ एक तास चाळीस मिनिटं कॅप्टन झोपलेला होता. उतरताना विमान फार उंचावर राहिलं. या वेळी को-पायलट आडून बोलला नाही. उतरू नका, पुन्हा वर चला, असं त्याने तीन वेळा सांगितलं. त्यासाठी वैमानिकांत ठरलेला शब्दच त्याने वापरला. विमानातलं यंत्रही इशारे देत होतं. तरी विमान उतरवलं गेलं, ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर सुमारे ५,२०० फूट पुढे जाऊन. १६६ पैकी ८ जण वाचले.

म्हणजे एकीकडे इशारा आणि एकीकडे हुकूम, आणि शेवट तोच. 'स्पष्ट बोला' हा सल्ला मंगळुरूच्या को-पायलटला काय कामाचा? त्याला पुढची पायरीही उपलब्ध होती. कॅप्टन ऐकत नसेल तर नियंत्रण आपल्या हाती घ्यायचं. पण शेजारी खूप अनुभवी कॅप्टन असताना, हाती मोजके सेकंद असताना, ते होत नाही. गाईडच्या केबिनमध्ये 'सर, हे जरा…' एवढ्यावरच ज्यांचं वाक्य संपतं, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

तर वाक्याचा प्रकार एवढं एकच चल धरून हे कोडं सुटत नाही. पण त्याहून खोल अडचण डेटा येतो कुठून, इथे आहे.

कॉकपिटमधलं बोलणं टिपणारं यंत्र फिरत्या टेपसारखं चालतं. जुन्या यंत्रांत शेवटची ३० मिनिटं राहायची, नंतरच्यांत २ तास. त्याआधीचं पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. आता विचार करा. एखाद्या को-पायलटने मंगळवारी सकाळी 'पुढचा ढग जबरदस्त दिसतोय' असं म्हटलं, कॅप्टनने 'हो रे' म्हणत विमान वळवलं, सगळे सुखरूप उतरले. ते वाक्य दुपारपर्यंत पुसलं गेलं. ते कुणी ऐकलं नाही, लिहून काढलं नाही, त्याच्यावर निबंध आला नाही. टेप कुणी जपून ठेवते ती विमान पडल्यावर, किंवा पडता पडता वाचल्यावर.

आपल्यासमोर असतात ते 'इशारा दिला आणि विमान पडलं' असे प्रसंग. 'इशारा दिला आणि काही झालं नाही' असे प्रसंग किती, हे माहीत नसताना इशारा धोकादायक आहे असं कसं म्हणणार? कदाचित रोज हजारो कॉकपिटमध्ये इशाऱ्यांवरच कामं होत असतील. संख्याशास्त्राच्या तासाला आपण याला परिणामावरून केलेली निवड म्हणतो. तिथे ती लगेच कळते. आपल्या विषयात ती अंगावर येते तेव्हा ओळखू येत नाही, कारण समोरची गोष्ट फार हृदयद्रावक असते.

मग संशोधकांनी काय केलं? एक वाट सिम्युलेटरची. १९७९ मध्ये नासासाठी रफेल स्मिथ यांनी ७४७ च्या १८ चमूंना एकाच अडचणीच्या प्रवासावर पाठवलं. न्यूयॉर्कहून लंडनला निघायचं, वाटेत इंजिन बंद करावं लागणार, मग कुठे परतायचं ते ठरवायचं. सगळ्यांना संकट तेच, पण चुकांच्या संख्येत प्रचंड फरक. आणि हा फरक विमान हाताळण्याच्या कौशल्यापेक्षा कामाची वाटणी, नेतृत्व आणि निर्णय यांच्याशी जास्त जोडलेला. पुढे क्ले फूशी यांनी याच ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला, तेव्हा आणखी एक साधी गोष्ट दिसली. ज्या चमूंत एकमेकांच्या बोलण्याला 'हो, ऐकलं' अशी पोच जास्त मिळत होती, तिथे चुका कमी होत्या. आधी डोळे बोलणाऱ्याकडे होते, इथे ते ऐकणाऱ्याकडे वळले. माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत मोलाचा वळसा आहे. पोटोमॅकच्या टेपकडेही मग वेगळं बघता येतं. को-पायलटचं वाक्य मवाळ होतं, पण कॅप्टनचं 'बरोबर आहे' हे उत्तर काटा पाहून दिलेलं होतं की सवयीने?

दुसरी वाट नेहमीच्या उड्डाणांची. प्रशिक्षित निरीक्षक वैमानिकांच्या मागे बसतो आणि काहीही विशेष न घडणाऱ्या प्रवासाची नोंद करतो. टेक्सास विद्यापीठात रॉबर्ट हेल्मराइश यांच्या गटाने ही पद्धत घडवली. कंटाळवाणं काम, पण पुसल्या गेलेल्या मंगळवार सकाळी हाती लागतात त्या अशाच.

तिसरी वाट वैमानिकांनी स्वतः सांगितलेल्या गोष्टींची. तिच्या जन्माची हकीकत सांगायलाच हवी. १ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूए कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे उतरत असताना डोंगरावर आदळलं. ९२ जण गेले. नियंत्रकाने 'उतरायला परवानगी' दिली याचा अर्थ लगेच कमी उंचीवर यायला हरकत नाही, असा चमूने घेतला होता. चौकशीत कळलं की सुमारे सहा आठवड्यांपूर्वी युनायटेडच्या एका चमूने तिथेच, तसाच अर्थ घेतला होता आणि ते थोडक्यात वाचले होते. त्यांनी ते सांगितलंही, पण बातमी त्यांच्या कंपनीच्या वैमानिकांपर्यंतच पोचली. १९७६ पासून अमेरिकेत गुप्त अहवालांची व्यवस्था सुरू झाली. ती चालवायला दिली नासाकडे, परवाने रद्द करणाऱ्या खात्याकडे नव्हे. वैमानिक लिहितो, नासा नावगाव काढून टाकते, आणि वेळेत लिहिलं तर बहुतेक अनवधानाच्या चुकांना दंड होत नाही.

हा खजिना आज इंटरनेटवर फुकट उघडा आहे आणि संशोधन सुरू करणाऱ्याला मोह पडतो: 'संवाद' हा शब्द शोधू, किती अहवाल येतात ते मोजू, झाला एक तक्ता. तो तक्ता करू नका. अहवाल स्वेच्छेने येतात. कोण लिहितं, कोण टाळतं, दंडाच्या भीतीने कोण लिहितं, हे त्या आकड्यात मिसळलेलं असतं. हे अहवाल 'असंही घडू शकतं' एवढं दाखवतात, 'किती वेळा घडतं' ते नाही. पण वैमानिक आपल्या संकटाची गोष्ट कशी रचून सांगतो, कुठे 'मी' म्हणतो आणि कुठे 'आम्ही', यासाठी याहून चांगली सामग्री मिळणं कठीण.

अधूनमधून एखादी टेप अशीही उरते, जिच्यात बोलणं जमलेलं असतं. १९ जुलै १९८९ ला युनायटेड २३२ च्या शेपटातलं इंजिन फुटलं आणि विमान वळवणाऱ्या तिन्ही द्रवयंत्रणा गेल्या. कॅप्टन अल हेन्स यांच्या चमूने प्रवाशांत बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकालाही कॉकपिटमध्ये घेतलं आणि फक्त दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान सू सिटीपर्यंत नेलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. नंतर त्यांचं बोलणं छोट्या घटकांत तोडून मोजलं गेलं: मिनिटाला सरासरी ३१ घटक, काही क्षणी ५९. हुकूम, शंका, पोच, मधेच एखादा विनोदही. पण सावध! ही टेपही तिच्या शेवटामुळेच प्रसिद्ध आहे. तिच्यावरून 'खूप बोला' असा नियम काढला तर पोटोमॅकवाली फटच उलट्या बाजूने राहते.

शेवट माहीत असणं किती घात करतं, याचा मोजून घेतलेला पुरावाही आहे. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कमध्ये पक्षी आदळून दोन्ही इंजिनांचा जोर गेला आणि विमान हडसन नदीत उतरवलं गेलं. १५५ पैकी १५५ वाचले. चौकशीत सिम्युलेटरवर ते संकट पुन्हा उभं केलं, तेव्हा आदळताक्षणी वळणारे काही वैमानिक विमानतळापर्यंत पोचले. मग काय झालंय ते कळायला आणि ठरवायला लागणारे ३५ सेकंद हिशेबात धरले, आणि तसा प्रयत्न केल्यावर विमान धावपट्टीपर्यंत पोचलं नाही.

ते ३५ सेकंद आपल्या कोडिंगमध्ये कसे आणायचे? एक करता येईल. अमेरिकी अहवालांत ट्रान्सक्रिप्ट मिळतो, आवाज मिळत नाही, त्यामुळे सूर आणि श्वास आधीच गेलेले असतात हे गृहीत धरा. अपघातांचे, थोडक्यात वाचलेल्यांचे आणि मिळाले तर सिम्युलेटरचे ट्रान्सक्रिप्ट एकत्र मिसळा. उड्डाणाचं नाव, तारीख आणि शेवटचं पान काढून टाका. मग विषयाशी संबंध नसलेल्या दोघांना ते द्या, 'इथे कुणी धोक्याची सूचना देतंय का' एवढीच खूण करायला सांगा, आणि खुणा झाल्यावर प्रत्येक ट्रान्सक्रिप्टखाली एक ओळ लिहायला सांगा: हे विमान नीट उतरलं असेल का? ते वर्गीकरणाच्या तक्त्याला जोडा आणि मगच गाईडकडे घेऊन जा.