विश्लेषण : फुले भरपूर, टोमॅटो एकही नाही! मोठ्या टोमॅटोचे गणित पेरणीच्या तारखेत कसे दडले आहे?

बियाणे चांगले, खत वेळेवर, पाणीही नियमित. तरीही घरच्या कुंडीत मोठा टोमॅटो का धरत नाही? बी कधी पेरावे, कोणते घ्यावे आणि फळ हाती येईपर्यंत काय सांभाळावे, ते समजून घेऊ.

मागच्या वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पुण्यातल्या आमच्या बाल्कनीत ‘बीफस्टेक’ टोमॅटोचे बी पेरले. पाकिटावरच्या चित्रात तळहात भरून उरेल एवढे फळ होते. बी उगवले, रोप जोमाने वाढले, एप्रिलअखेर माझ्या खांद्याला लागले. फुलेही आली. पण प्रत्येक फूल देठाच्या मधल्या गाठीपाशी पिवळे पडायचे आणि दोन-तीन दिवसांत गळून जायचे. आईने ताक घालून पाहिले, शेजारच्या काकांनी खत बदलायला सांगितले, मी पाणी वाढवले. मे संपला तेव्हा पन्नासेक फुले गळली होती आणि झाडावर एकही टोमॅटो नव्हता. नंतर शहराच्या तापमानाच्या नोंदी काढून बसलो तेव्हा उलगडा झाला. पेरणीच पाच महिने उशिरा झाली होती.

लहान चेरी टोमॅटो अशा चुका पोटात घालतो. मोठ्या फळाची जात घालत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक भागांत तिला वर्षातून एकच हंगाम मिळतो. तो हुकला की थेट पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते.

‘मोठा’ टोमॅटो म्हणजे किती मोठा?

बाजारातला नेहमीचा टोमॅटो साधारण ८० ते १०० ग्रॅमचा असतो. बंगळूरुच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेची ‘अर्का विकास’ ही जात याच गटातली. बीफस्टेक गटातले एक फळ मात्र सहज ३०० ते ५०० ग्रॅम भरते. ‘ब्रँडीवाइन’, ‘चेरोकी पर्पल’, ‘मॉर्टगेज लिफ्टर’ ही या गटातली अमेरिकेत गाजलेली नावे. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात गॉर्डन ग्रॅहम यांनी १९८६ मध्ये ‘डिलिशस’ जातीचा ३.५१ किलोचा टोमॅटो पिकवला. तो विक्रम २०१४ पर्यंत टिकला.

‘मॉर्टगेज लिफ्टर’ या नावामागची गोष्ट रंजक आहे. वेस्ट व्हर्जिनियातील एम. सी. बाइल्स हा गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करणारा माणूस. त्याने मोठ्या फळांच्या जातींचा संकर करत ही जात घडवली, १९४०च्या दशकात तिची रोपे एक डॉलरला एक या भावाने विकली आणि त्या पैशांतून घराचे सहा हजार डॉलरचे कर्ज फेडले, असे तो सांगत असे.

फळ एवढे मोठे होते कसे?

टोमॅटोचा जंगली पूर्वज दक्षिण अमेरिकेतला. त्याचे फळ करवंदाहून लहान आणि आत दोनच कप्पे. मोठ्या जातींमध्ये दोन गोष्टी बदलल्या. पहिली, पेशींची संख्या. कॉर्नेल विद्यापीठातील स्टीव्हन टँक्सली यांच्या गटाने २००० साली फळाच्या वजनावर परिणाम करणारे एक जनुक ओळखले. जंगली प्रकारात ते पेशींच्या विभाजनाला लगाम घालते, लागवडीच्या जातींत हा लगाम सैल आहे. दुसरी, कप्प्यांची संख्या. बीफस्टेक टोमॅटो आडवा कापला तर आठ-दहा किंवा त्याहून अधिक कप्पे दिसतात.

हेच मोठेपण अडचणीचेही ठरते. कप्पे जास्त, म्हणजे बिया जास्त. त्या धरायला परागकणही तितके लागतात. ते कमी पडले, तर फळ एका बाजूने फुगते आणि दुसऱ्या बाजूने आक्रसते. अजिबात मिळाले नाहीत, तर झाड फूल गाळून टाकते.

फुले का गळतात?

याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे तापमान, आणि त्यातही रात्रीचे. टोमॅटोला फळधारणेसाठी दिवसा २१ ते २९ आणि रात्री १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान मानवते. दिवस ३४-३५ अंशांपुढे आणि रात्री २२-२४ अंशांपुढे जाऊ लागल्या की परागकण निकामी होऊ लागतात. झाड हिरवेगार दिसते, फुलेही येतात, पण फळ धरत नाही. अशा वेळी खत वाढवून उपयोग नसतो. उलट नत्र जास्त झाले, तर पाने माजतात आणि फुले आणखी कमी होतात.

फार थंडीही चालत नाही. निफाडसारख्या भागात रात्रीचा पारा एक अंकी होतो, तेव्हा तयार होणाऱ्या कळ्यांतून वेडीवाकडी, चिरा पडलेली फळे येतात. मोठ्या जातींमध्ये हे प्रमाण अधिक असते.

मग पेरणी कधी करायची?

इथे हिशोब उलटा मांडावा लागतो. बी पेरल्यापासून पहिली फुले उमलायला साधारण ५५ ते ६५ दिवस लागतात. म्हणून आधी आपल्या गावात रात्री कधी गार होतात ते पाहायचे आणि तिथून दोन महिने मागे यायचे.

• पुणे, नाशिक आणि आसपास : नोव्हेंबरमध्ये पुण्याचे रात्रीचे सरासरी तापमान १५ अंशांच्या घरात येते. त्यामुळे पेरणी ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा मध्य.

• मराठवाडा आणि विदर्भ : सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. इथे मार्चमध्ये दिवस लवकर तापतात, म्हणून उशीर करू नये.

• मुंबई, ठाणे, कोकण किनारा : नोव्हेंबरमध्येही रात्री २० अंशांवर असतात. खरा गारवा डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. त्यामुळे पेरणी ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा.

• गोवा : वेळ मुंबईचीच. मात्र जानेवारीतही रात्र २० अंशांच्या आसपास असल्याने अर्धा किलोच्या जातींऐवजी १५० ते २०० ग्रॅमच्या जाती निवडणे शहाणपणाचे.

पुण्यात सप्टेंबरमध्ये पाऊस सुरूच असतो, म्हणून रोपे छपराखाली वाढवावीत. पेरणी हुकलीच, तर ऑक्टोबरअखेरपर्यंत प्रयत्न करता येतो. त्यानंतर बी पेरण्यापेक्षा रोपवाटिकेतून महिन्याचे रोप आणलेले बरे.

बी कोणते घ्यावे?

पाकिटावर दोन गोष्टी शोधा : ‘एफ-१’ हा शब्द आणि तारीख. एफ-१ म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकराची पहिली पिढी. तिची फळे एकसारखी आणि झाडे बहुधा रोगाला चिवट असतात. मात्र त्या फळांतले बी पुन्हा पेरले, तर तसेच झाड मिळत नाही. समजा, आई-वडील वाण दहा जनुकांत वेगळे आहेत. ही जनुके एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर दुसऱ्या पिढीत दहाही जागी मूळ संकरासारखी जोडी जुळण्याची शक्यता दोनाचा दहावा घात, म्हणजे १०२४ मध्ये एक. बाजारातला मोठा टोमॅटो कापून बी पेरणाऱ्यांची निराशा होते ती यामुळे, कारण तो बहुधा संकरितच असतो.

दुसरा प्रकार सरळ वाणाचा. ‘ब्रँडीवाइन’सारख्या जुन्या जाती यात येतात. त्यांचे बी आपण स्वतः राखू शकतो, पण रोगांपुढे त्या नाजूक असतात. पहिल्याच वर्षी दोन झाडे मोठ्या जातीची आणि एक ‘अर्का विकास’सारख्या मध्यम फळाचे लावावे. मध्यम झाडाला फळे लागली आणि मोठ्याला नाही, तर माती-पाण्यात दोष नाही, हे लगेच कळते.

लेबलवर उगवणक्षमता, चाचणीची तारीख आणि वैधता नसेल, तर ते पाकीट घेऊ नका. ऑनलाइन दिसणारे निळे किंवा कलिंगडाएवढे टोमॅटो चित्रातच राहतात. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना बी आणायला सांगण्याआधी एक लक्षात ठेवा. भारतात बियाणे आणण्यासाठी आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते.

बी ते रोप : पहिला महिना

कोकोपीट आणि गांडूळखत समप्रमाणात मिसळून ट्रेमध्ये किंवा खाली भोक पाडलेल्या कागदी कपात भरा. बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. २५ ते ३० अंशांत ते पाच ते आठ दिवसांत उगवते. उगवताच ट्रे उजेडात आणा, नाही तर रोपे लांबट आणि लुळी होतात. पाणी फवाऱ्याने आणि बेताचे द्या. सतत ओल राहिली, तर रोप मातीलगत सडून कोलमडते.

ट्रेवर बारीक जाळी टाकणे फायद्याचे. पांढरी माशी याच वयात पर्णगुच्छ रोगाचा विषाणू आणते. त्याने पाने आखडलेल्या रोपावर उपाय नाही, ते उपटून टाकावे.

साधारण २५ ते ३० दिवसांत चार-पाच खरी पाने आली की रोप कुंडीत हलवा. खालची पाने काढून खोड थोडे खोल गाडा. टोमॅटोच्या गाडलेल्या खोडाला नवी मुळे फुटतात आणि झाड भक्कम होते.

कुंडी, ऊन आणि आधार

मोठ्या जातीला झाडामागे किमान ४० लिटरची पिशवी किंवा ड्रम हवा. नुसत्या ओल्या मातीने भरलेली अशी पिशवी ६० किलोच्या आसपास जाते. म्हणून माती, कोकोपीट आणि कंपोस्ट यांचे मिश्रण वापरा आणि वजन बाल्कनीच्या बाहेरच्या कडेऐवजी भिंतीलगत ठेवा.

थेट ऊन सहा ते आठ तास लागते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेची बाल्कनी उत्तम आणि उत्तरेची जवळजवळ निरुपयोगी. उन्हाळ्यात ऊन कुठे येते त्यावरून जागा ठरवू नका.

या जाती वाढतच राहतात. सहा फुटी बांबू लावणीच्या दिवशीच रोवा. पान आणि खोडाच्या बेचक्यातून येणारे बगलफुटवे दर आठवड्याला खुडा आणि एक किंवा दोनच मुख्य फांद्या ठेवा.

परागीभवनाला मदत कशी करायची?

टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी भाग असतात, पण पराग बंद नळीत असतो. तो सुटायला फूल हलावे लागते. भुंगे पंखांच्या स्नायूंनी ही थरथर करतात. मधमाश्यांना ते जमत नाही. वरच्या मजल्यांवर भुंगे कमी येतात. म्हणून सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या घोसामागच्या देठाला टिचकी मारा किंवा चालू इलेक्ट्रिक टूथब्रशची मागची बाजू दोन सेकंद टेकवा. एका घोसात दोन-तीन फळेच ठेवा, बाकीची लहान असतानाच काढा.

फळ धरल्यावर काय बिघडते?

फळाचा तळ काळा पडून खचला, तर तो बहुधा रोग नसतो. कॅल्शियम फळापर्यंत पोहोचलेले नसते. ते पाण्याबरोबर वाहते, त्यामुळे माती एक दिवस कोरडी आणि दुसऱ्या दिवशी चिखल झाली की पुरवठा तुटतो. अंड्याच्या कवचाचा चुरा लगेच कामाला येत नाही, कारण तो कुजायला महिने लागतात. रोज ठरावीक वेळी पाणी आणि मातीवर पाचोळ्याचे आच्छादन, हा खरा उपाय. फळ तडकण्याचे कारणही बहुतेक वेळा हेच असते.

खालच्या पानांवर तपकिरी वलये दिसली, तर तो करपा. ती पाने काढून टाका आणि पाणी पानांवर न घालता बुडाशी द्या.

फळधारणेनंतर मोठे फळ पिकायला सात-आठ आठवडे लागतात. तळाशी गुलाबी छटा दिसताच तोडले, तरी ते घरात नीट पिकते आणि पक्ष्यांपासून वाचते. मार्चनंतर ३० अंशांपुढच्या उन्हात लाल रंग नीट तयार होत नाही. तेव्हा तर ते घरातच पिकवावे.

पुढच्या वर्षीचे बी

सरळ वाणाच्या सर्वांत चांगल्या झाडाचे पूर्ण पिकलेले फळ निवडा. गर बियांसह वाटीत काढून दोन-तीन दिवस आंबू द्या, मग धुऊन सावलीत वाळवा. कोरड्या काचेच्या बरणीत असे बी चार-पाच वर्षे टिकते. बरणीवर जातीचे नाव आणि पेरणीची तारीख लिहा.

यंदा आम्ही ५ सप्टेंबरला पेरणी केली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात फुले आली आणि या वेळी देठाची गाठ हिरवीच राहिली. बाल्कनी तीच, माती तीच, पाणी घालणारी माणसेही तीच. दोन झाडांना मिळून अकरा फळे धरली. दोन तळाशी काळी पडली, एक बुलबुलाने फोडले. सर्वांत मोठे स्वयंपाकघरातल्या काट्यावर ४१२ ग्रॅम भरले. आईने त्या एका फळात चौघांची कोशिंबीर केली. त्याआधी चमचाभर बी मात्र वाटीत काढून ठेवले.