शेजारची जमीन आणि गावची वाट

या व्याख्यानांना येणाऱ्या मंडळींपैकी पुष्कळांचे एक पाऊल शहरात व दुसरे गावी असते. नोकरी शहरात, पण सातबाऱ्यावर नाव गावी. कामगारांच्या सभा आटोपल्यावर आमच्याभोवती चारदोन माणसे थांबतात. त्यांचे प्रश्न पगाराचे असतात असा लोकांचा समज आहे. परंतु निवृत्तीला आलेला कामगार निराळेच काही विचारतो. तो म्हणतो, "साहेब, प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम हाती येईल. गावाकडे आमच्या वाटेला लागून शेजाऱ्याचे रान विकायला निघाले आहे. कोणी प्लॉट पाडणारा घेणार म्हणतात. वाटेची शांतता जाईल, ट्रक सुरू होतील. ते रान आम्हीच घेऊन टाकावे काय?"

प्रश्न साधा दिसतो, पण तीस वर्षांची शिल्लक एका सहीने त्यात घालावयाची असते. म्हणून खरेदीने काय मिळते, काय मिळत नाही, आणि खरेदीवाचून काय साधते, हे आज क्रमाने पाहू. आम्ही वकील नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात बसून आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून कायद्याची पुस्तके आणून जेवढे शिकलो तेवढेच सांगतो.

आमचे स्वतःचे उदाहरण आधी सांगितले पाहिजे, कारण या अभ्यासाची फी आम्ही त्यातच भरली. इंदापूर तालुक्यात वरकुटे खुर्द आणि वरकुटे बुद्रुक अशी एका नावाची दोन गावे आहेत. त्या शिवारात आमचे थोडे जिरायत रान. रानात जावयाची वाट शेजाऱ्याच्या शेतातून होती. ती कशी पडली, कोणी दिली, याचा कागद नव्हता. वडिलांना आम्ही एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, "अरे, त्यानं शब्द दिलाय. कागुद कशाला लागतोय?" शब्द देणारा माणूस खरा होता. तो वारला, मुलांनी रान विकले, आणि नव्या धन्याने वाटेवर चर खणून तारेचे कुंपण घातले. वडील वर्षभर लांबच्या बांधाने चालत राहिले. आम्ही शहरात युनियनच्या कामात होतो. चुलत्यांनी कळविले तोवर आठ महिने उलटले होते.

त्या आठ महिन्यांची किंमत पुढे कळली. मामलेदार कोर्ट अधिनियम, १९०६ या जुन्या कायद्याप्रमाणे शेताच्या वहिवाटीच्या रस्त्याला कोणी अडथळा केला तर तहसीलदाराकडे दावा लावून तो दूर करून घेता येतो. परंतु तो दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. ती मुदत आमच्या हातून गेली होती. मग महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ चा आधार घ्यावा लागला. त्यात शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी दुसऱ्याच्या भूमापन क्रमांकाच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, रस्ता मागता येतो. तो मिळाला, पण वळसा घालून. वडिलांना जुनी वाट पुन्हा चालावयास मिळाली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शेजारची जमीन घेतली म्हणजे रस्ता आपला होतो काय? ज्या वाटा सार्वजनिक आहेत, मग तो गावरस्ता असो, शिवरस्ता असो वा पाणंद असो, त्या संहितेच्या कलम २० प्रमाणे शासनाच्या आहेत. दोन्ही अंगांची राने आपण घेतली तरी मधली पाणंद आपली होत नाही. ती बंद करता येत नाही आणि तिच्यावरून कोणी जावे हेही ठरविता येत नाही. खरेदीने एवढेच मिळते की त्या वाटेच्या कडेला, आपल्या तुकड्यावर, वीटभट्टी किंवा प्लॉट होणार नाहीत. पलीकडच्या गटात ते झाले तर ट्रक त्याच पाणंदीने जाणार. म्हणून एक तुकडा घेऊन शांतता राखणे म्हणजे एका खिडकीला पडदा लावून धूळ थांबविणे होय. तुकडा नाक्यावर असेल, वाहने वळण्यास तेवढीच जागा असेल, तरच त्याला जागल्याचे मोल येते.

दुसरी वाट खासगी असते: शेजाऱ्याच्या मालकीच्या रानातून जाणारी, आमच्यासारखी. तिचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात सांगितला आहे. उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून, खंड न पडता वीस वर्षे वहिवाट केली तर हक्क सिद्ध करता येतो. परवानगीने चाललात तर ती वर्षे मोजली जात नाहीत. आमच्या वडिलांना ज्या शब्दाचा आधार वाटत होता तोच शब्द कायद्याच्या दृष्टीने परवानगी ठरण्याचा संभव होता. भल्या शेजाऱ्याचा शब्द घरात मोठा असतो, कोर्टात लहान.

याच कायद्यात एक बारीक गोष्ट आहे. ज्या जमिनीवरून आपला रस्ता जातो ती जमीन आणि आपली जमीन अशा दोन्हींचा पूर्ण मालक एकच झाला, म्हणजे तो सुविधाधिकार विझतो. कारण आपल्याच जमिनीवर आपला वेगळा हक्क राहत नाही. आज हे खटकत नाही. उद्या दोन मुलांत वाटणी होते, पुढचे रान एकाकडे व मागचे दुसऱ्याकडे जाते, आणि भावाभावांत तोच तंटा उभा राहतो. तेव्हा वाटेसाठी शेजार घेणाऱ्याने वाटणीपत्रात वाट नकाशासह लिहून ठेवावी. ज्या भांडणाच्या भीतीने जमीन घेतली ते भांडण घरात आणू नये.

खरेदीच करावयाची ठरले तर पायऱ्या कोणत्या? पहिली, घेणारा शेतकरी आहे काय? आपल्या भागास लागू असलेल्या १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला कलेक्टरच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. दुसरी, कमाल धारणेची मर्यादा. १९६१ च्या कायद्याने आणि १९७५ पासूनच्या दुरुस्तीने बारमाही पाण्याच्या जमिनीला १८ एकर व जिरायतीला ५४ एकर ही मर्यादा आहे. आपल्या श्रोत्यांपैकी फारच थोड्यांना तिची भीती असेल.

तिसरी पायरी तुकडेबंदीची, आणि ती विस्ताराने सांगण्याजोगी आहे. डॉ. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची पाहणी १९१७ साली प्रसिद्ध केली. त्या गावी १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली आढळली, आणि त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहून लहान होते. अशा शेतीला बांध व वाटा किती लागत असतील याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. पुढे १९४७ साली तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा आला. त्यात तुकडा म्हणून नोंद झालेली जमीन लगतच्या खातेदाराखेरीज इतरांस विकता येत नाही असे ठेवले. म्हणजे शेजाऱ्याने शेजार घेणे ही कायद्याला मान्य, किंबहुना त्याने सुचविलेली गोष्ट आहे.

परंतु सबंध रान न घेता वाटेपुरती पट्टी घ्यावयाची असेल तर? हिशेब करू. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दहा फूट रुंद आणि १,०८९ फूट लांब वाट धरली तर बरोबर दहा गुंठे, म्हणजे पाव एकर लागतो. २०२३ साली शासनाने जिरायतीचे प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीचे १० गुंठे ठरविले. त्याहून लहान पट्टीची खरेदी एरव्ही अडते. मार्च २०२४ मध्ये नियम दुरुस्त झाले. शेतरस्ता, विहीर आणि ग्रामीण घरकुल अशा कामांसाठी कलेक्टरच्या मंजुरीने लहान क्षेत्राचा व्यवहार करता येऊ लागला. रस्त्यासाठी अशी पट्टी घेतली तर ती लगतच्या जमीनधारकांच्या वापरास खुली राहील, अशी नोंद खरेदीखतात आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत करावयाची असते. ही अट आम्हांस फार आवडली. आपल्या पैशाने वाट घ्या, पण ती एकट्याची करू नका, असे तिचे सांगणे आहे.

आता खरेदीवाचूनचा मार्ग पाहू. लंडन शहरात लेस्टर स्क्वेअर नावाची बाग आहे. तिच्या मालकाने ती विकताना घेणाऱ्याकडून लिहून घेतले की जागा मोकळीच ठेवावी, बांधकाम करू नये. पुढे ती हातोहात विकली गेली आणि नवा धनी बांधावयास निघाला. १८४८ साली कोर्टाने निकाल दिला की करार ठाऊक असून ज्याने जागा घेतली त्याला तो बांधतो. हेच तत्त्व आपल्याकडे मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याच्या कलम ४० मध्ये आहे. शेजाऱ्याची जमीन त्याचीच राहू द्यावी. मात्र योग्य मोबदला देऊन वाटेच्या कडेला अमुक फुटांत भट्टी, खाण वा गोदाम करणार नाही, असा करार नोंदवून घ्यावा. एकराच्या किमतीपुढे हा खर्च थोडा असतो. यात दोन सावधगिऱ्या हव्यात. 'अमुक करू नये' असे बंधन पुढच्या धन्यावर चालते, 'अमुक करावे' असे चालत नाही. आणि करार नोंदलेला असावा, म्हणजे पुढच्याला 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणणे जड जाते.

एकट्याने घेणे आणि मिळून घेणे यांतही अंतर आहे. विलायतेत नॅशनल ट्रस्ट नावाची संस्था १८९५ साली स्थापन झाली. १९०२ साली तिने एका सरोवराकाठची ब्रँडलहाऊची वनराई लोकवर्गणीतून साडेसहा हजार पौंडांस घेतली. वर्गणी देणाऱ्यांत शेफील्डच्या कारखान्यातला कामगारही होता. त्याने शिलिंगांत जमेल तेवढे दिले. आमच्या मते त्या व्यवहाराचे खरे बळ पुढे आले. १९०७ च्या कायद्याने त्या संस्थेला आपली जमीन अविक्रेय ठरविण्याचा अधिकार मिळाला. माणूस घेतो ते त्याचे वारस विकतात. बंधन घालून घेतलेली संस्था विकू शकत नाही.

आपल्याकडे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने याहून पुढचे पाऊल टाकले. १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपल्या जमिनी ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचा निर्णय तेथील लोकांनी २०१३ साली जाहीर केला. विनोबांनी १९५१ साली सुरू केलेल्या भूदानाची ती वाट. प्रत्येक गावाला ती जमेल असे आम्ही म्हणत नाही. परंतु बाहेरचा पैसा आला की एकेकटा शेतकरी टिकत नाही, ही त्यामागची जाण सर्वांनी घेण्याजोगी आहे.

बारामती-इंदापूरकडे हा पैसा आलेला आहे. नीरेच्या डाव्या कालव्याने पाणी आणले, पाण्याने ऊस आणला, उसाने ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणल्या. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. तुकोबांची पालखी ज्या बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने जाते तो आता चौपदरी झाला, आणि रुंदीकरणात जुनी झाडे गेली. मोठा रस्ता मोठा व्हावयाचाच. म्हणून आतल्या पाणंदींची किंमत वाढली आहे. बैल, शेळ्या, शाळेची पोरे आणि म्हातारी माणसे जेथून निर्धास्त जातात अशा वाटा आता थोड्या उरल्या.

येथे एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. शांत रस्ता हवा असे म्हणणाऱ्यांत दोन प्रकार असतात. एकाला वाट सर्वांसाठी शांत हवी असते. दुसऱ्याला ती इतरांपासून शांत हवी असते. शहरात पेन्शन घेणारा मनुष्य गावी रान घेतो, फाटक बसवितो, आणि पहाटे खुरपायला जाणाऱ्या बायांना लांबून जावे लागते. ज्यांच्या नावे गुंठाभर जमीन नाही त्या मजुरांचा हक्क कोणत्याही खरेदीखतात लिहिलेला नसतो; तो त्यांच्या पायांनी लिहिलेला असतो. वाट राखावयास निघून तीच वाट आपण बंद केली, तर आमच्या वडिलांपुढे चर खणणाऱ्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?

आणि शेजारी रान विकतो तो का विकतो, हेही विचारावे. दवाखान्याचे बिल, मुलीचे लग्न, सावकाराचा तगादा, यांपैकी काही बहुधा असते. कामगारांच्या पतपेढीत आम्ही हे अनेकदा पाहिले आहे: वेळेवर थोडे कर्ज मिळाले तर माणसाला मोठी वस्तू विकावी लागत नाही. दहा घरांची वाट असेल तर दहा घरांनी मिळून शेजाऱ्याची नड भागवावी. जमीन त्याची, वाट सर्वांची. यापरता स्वस्त उपाय आम्हांस ठाऊक नाही.

तेव्हा जो कामगार फंडाची रक्कम घेऊन आम्हांस विचारतो त्याला आमचे उत्तर असे. आधी तहसील व भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा काढून वाट सार्वजनिक की खासगी ते पाहा. सार्वजनिक असेल तर ग्रामसभेत ठराव करून तिची मोजणी व हद्दीच्या खुणा मागा. पाणंद रस्त्यांच्या कामांसाठी २०२१ साली सुरू झालेली मातोश्री ग्राम समृद्धी योजना आहे, तिची चौकशी करा. खासगी असेल तर शब्द देणारा हयात आहे तोवर कागद करा. अडथळा झाला तर सहा महिने मोजा. शेजाऱ्याची नड विचारा, मग करार विचारा, आणि खरेदी शेवटी विचारा. घेतलीच, तर जी वाट राखण्यासाठी घेतली ती सर्वांस खुली असल्याचे खरेदीखतात लिहा.

आमचे वडील अखेरपर्यंत बांधाच्या वळशाने रानात जात राहिले. त्यांनी आम्हांस कधी बोल लावला नाही. आपल्या वडिलांवर ती पाळी येऊ नये, म्हणून गावी गेलात की त्यांच्याबरोबर एकदा त्या वाटेने चाला, आणि ती कोणाच्या रानातून जाते ते विचारून घ्या.