मालक तुम्ही, पत्ता दुसऱ्याचा

यंदा ऐन द्राक्षाच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या एका निर्यातदाराची वेबसाइट बंद पडली. त्याच नावावर चालणारी ऑफिसातली सगळी ईमेलही बंद. तिकडे रॉटरडॅमचा खरेदीदार कागदपत्रांसाठी मेल टाकतोय आणि ती परत जातेय, इकडे कंटेनर न्हावाशेवाच्या वाटेला लागलेला. पैसे भरलेले होते, मुदत संपायला अवकाश होता. झालं होतं ते एवढंच. भागीदारीची फर्म प्रायव्हेट लिमिटेड झाली म्हणून त्यांनी डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या, नोंदीतलं मालकाचं नाव बदलून घेतलं. असा बदल झाला की मालकाच्या ईमेलची खातरजमा करायची, पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर नाव थांबवायचं, असा नियम आहे. खातरजमेची मेल गेली, पण ती गेली २००९ साली साइट करून देणाऱ्या मुलाच्या पत्त्यावर. त्याने हा धंदा सोडला, नाशिकही सोडलं. ती मेल कुणी उघडलीच नाही.

शेतकऱ्याच्या बागेचा प्लॉटन् प्लॉट ग्रेपनेट या सरकारी प्रणालीवर नोंदवणारा हा माणूस. कुठल्या बागेतला माल कुठल्या पेटीत गेला, हे तो युरोपातल्या ग्राहकाला दाखवू शकतो. पण जगात ज्या नावाने तो ओळखला जातो, त्या नावाच्या रकान्यात त्याचा स्वतःचा पत्ता नव्हता, आणि हे त्याला सोळा-सतरा वर्षांत कुणी सांगितलं नाही.

मला राग आहे तो याचा. माझा धंदा छपाईचा. व्हिजिटिंग कार्डं, लेटरहेड, कॅटलॉग, मसाल्याची पाकिटं. नाशिकच्या छोट्या कारखानदारांनी आणि दुकानदारांनी इंटरनेटवर आपापलं नाव कसं घेतलं आणि ते कुणाच्या हाती दिलं, हे मी काउंटरवरून पाहिलंय.

सुरुवातीची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. नाशकात ते पोचलं, मोडेमच्या खरखरीसह रुजलं, सायबर कॅफे निघाले. वेबसाइट ही मोठ्या कंपन्यांची गोष्ट होती. शेवटी ‘डॉट इन’ असलेलं नाव तेव्हा मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडून मिळायचं आणि त्याच्या अटी अशा कडक, की सातपूरच्या वर्कशॉपवाल्याने त्या वाटेला जाऊ नये. २००४ पर्यंत माझ्याकडे छापलेल्या कार्डांवर वेबसाइटचा पत्ता क्वचितच सापडतो.

खरी गोष्ट सुरू होते २००५ मध्ये. ‘डॉट इन’चा कारभार निक्सी या संस्थेकडे आला आणि त्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून ते नाव कुणालाही घेता येऊ लागलं. ‘डॉट कॉम’ही हाताशी आलं होतं. मुंबईच्या डायरेक्टीसारख्या कंपन्यांनी रिसेलरची पद्धत गावोगाव नेली होती. थोडी रक्कम भरायची, आपलं खातं उघडायचं आणि त्या खात्यातून गिऱ्हाइकांना नावं घेऊन द्यायची. कॉलेज रोड, कॅनडा कॉर्नर, शरणपूर रोड, जिथे बघावं तिथे एका खोलीत दोन संगणक टाकून वेबसाइट करून देणारी पोरं बसली. अंबडच्या कारखान्याला, पंचवटीतल्या लॉजला, येवल्याच्या पैठणीवाल्याला पाच-सात हजारांत पाच पानांची साइट, डोमेन आणि वर्षाची जागा, असं पॅकेज मिळायचं. पोरं हुशार होती, कष्टाळू होती. त्या दहा वर्षांत नाशिकला जगाच्या नकाशावर नेलं ते त्यांनी, हेही मी तितक्याच ठामपणे सांगेन.

पण अर्ज कसा भरला जायचा, तेही सांगायला हवं. डोमेन घेताना तेव्हा चार रकाने असत: मालक, प्रशासकीय संपर्क, तांत्रिक संपर्क, बिलाचा संपर्क. तांत्रिक रकान्यात त्या मुलाने आपला पत्ता घालावा हे रास्त. पण घाई असायची, गिऱ्हाइकाकडे बहुतेक वेळा ईमेलच नसायची, मग चारही रकान्यांत एकच पत्ता जायचा, तो साइट करणाऱ्याचा. मालकाच्या नावासमोर कारखान्याचं नाव आणि ईमेल त्या मुलाची. पुष्कळांनी हे निव्वळ सोय म्हणून केलं. काहींनी मात्र जाणूनबुजून केलं, आणि त्यांना मी आजही माफ करत नाही.

सिन्नरच्या बाजूला एका बाईंचा मसाल्याचा उद्योग होता. घरातून सुरू केलेला, पुढे पाच-सहा बायकांना काम देणारा. नूतनीकरणाला पहिल्या वर्षाच्या दुप्पट रक्कम मागितली म्हणून त्यांनी साइट दुसऱ्याकडे न्यायची ठरवली. त्यासाठी नाव हलवायचा कोड लागतो आणि तो जातो नोंदीतल्या ईमेलवर. आधीच्या माणसाने कोडचे वेगळे पैसे सांगितले आणि वर ऐकवलं, ‘डोमेन माझ्या नावावर आहे.’ बाईंनी पैसे दिले नाहीत. नाव गेलं. त्यांची छापलेली पाकिटं माझ्या गोदामात होती, मागच्या बाजूला खाली जुना पत्ता. ती रद्दीत घालणं त्यांना परवडण्यासारखं नव्हतं. मग पत्त्यावर चिकटवायला मी पांढरे स्टिकर कापून दिले आणि त्यांच्याकडच्या बायका कांडपातून सवड काढून एकेका पाकिटावर ते लावत बसल्या. आपल्याच नावावर पट्टी चिकटवायची वेळ त्यांच्यावर आणणारा माणूस पुढे व्यापाऱ्यांच्या कार्यक्रमांत डिजिटल मार्केटिंगवर भाषणं देत होता.

त्याच काळात थत्तेनगरच्या बाजूला एक मुलगा होता, त्याची आठवण येते. गिऱ्हाइकाला समोर बसवून आधी त्याची स्वतःची ईमेल उघडून द्यायचा, मग डोमेनचा अर्ज. डोमेन, मुदत, खातं, पासवर्ड हे एका कागदावर लिहून पाकिटात बंद करायचा, वर गिऱ्हाइकाची सही घ्यायचा आणि पाकीट त्याच्याच हाती द्यायचा. असली माणसं होती तोवर अडचण आली तर स्कूटर काढून कुणाच्या तरी दारात जाता यायचं. आता तिथे मोबाइलची दुकानं आहेत. डोमेन घ्यायचं तर कार्ड टाकून आपणच घ्यायचं, अडलं तर चॅटच्या चौकटीत इंग्रजीत लिहायचं.

माझ्याकडे जुन्या जॉबच्या सीडी आणि प्रूफ जपून ठेवलेले आहेत. अंबडच्या एका व्हॉल्व्हवाल्याची कार्डं परवा शेजारी शेजारी मांडली. २००३ च्या कार्डावर बीएसएनएलच्या संचारनेटचा पत्ता. २००६ ला रेडिफमेल. २०१० ला स्वतःच्या डोमेनवरचा ‘इन्फो’ने सुरू होणारा पत्ता, जाड आर्ट कार्डावर, मॅट लॅमिनेशन करून. २०१७ ला जीमेल. चौदा वर्षांत चार पत्ते. मोबाइल नंबर मात्र चारही कार्डांवर एकच, ९८२२ ने सुरू होणारा. कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवायची सोय २०११ च्या जानेवारीत देशभर मिळाली, मग तर नंबर बदलायचं कारणच उरलं नाही.

आता त्या पंधरा दिवसांच्या नियमाविषयी. डोमेन नावांचा जगभरचा कारभार आयकॅन ही अमेरिकेतली संस्था पाहते. खोट्या पत्त्यांवर नावं घेऊन फसवणूक करणारे सापडत नाहीत, अशी पोलिसी यंत्रणांची तक्रार होती. अमेरिकेची एफबीआय आणि ब्रिटनची तेव्हाची सोका या संस्थांनी २००९ मध्ये आयकॅनपुढे मागण्या ठेवल्या. त्यातून आयकॅन आणि नावं नोंदवून देणाऱ्या रजिस्ट्रार कंपन्या यांच्यातला २०१३ चा नवा करार आला आणि १ जानेवारी २०१४ पासून तो लागू झाला. ‘डॉट कॉम’, ‘डॉट नेट’, ‘डॉट ऑर्ग’ अशा नावांना नवी नोंदणी, दुसरीकडे हलवणं किंवा मालकाच्या तपशिलात बदल झाला, की पंधरा दिवसांत खातरजमा करायची. पहिल्या सहा महिन्यांत आठ लाखांहून जास्त नावं या नियमापायी थांबली, असं रजिस्ट्रार कंपन्यांनीच २०१४ च्या जूनमध्ये सांगितलं. त्यात चोर किती आणि आपल्या पिंपळगावच्या निर्यातदारासारखे किती, याचा विचार नियम करणाऱ्यांनी आधी करायला हवा होता. चोराला ईमेल उघडून लिंक दाबायला काही जड जात नाही. अडकतो तो सरळ माणूस, ज्याची ईमेल दुसऱ्याने भरलेली असते.

आणि समजा मेल योग्य माणसाकडे आली, तरी त्याने तिच्यातली लिंक दाबावी कशी? तेव्हा मालकाचे तपशील जगाला खुले दिसायचे. डोमेन घेतलं की दुसऱ्या दिवसापासून ‘सर, वेबसाइट बनवायची आहे का’ असे फोन सुरू. पाठोपाठ मेल, की चीनमध्ये कुणी तुमचं नाव घेतोय, लगेच पैसे भरा. मग नूतनीकरणाची खोटी बिलं. या सगळ्या थापा. बँक सांगते, पोलिसांचा सायबर विभाग सांगतो, अनोळखी लिंक दाबू नका. आणि खातरजमेची खरी मेल येते ती अशाच वेषात: इंग्रजीत, कधी नाव न ऐकलेल्या कंपनीकडून, कारण गिऱ्हाइकाला ठाऊक असतो तो कॉलेज रोडचा मुलगा, त्याच्या मागची रजिस्ट्रार कंपनी नव्हे. लिंक, पंधरा दिवसांची मुदत आणि धमकी. शहाण्या माणसाने ती कचऱ्यात टाकली तर त्याला दोष कसा द्यायचा?

पुढचा पेच आणखी वाईट. ज्यांनी नोंदीत आपल्याच डोमेनवरचा पत्ता दिला, त्यांचं नाव थांबलं की तो पत्ताही थांबतो, म्हणजे सोडवणुकीची मेल येणार कुठे? आणि १ डिसेंबर २०१६ पासून मालकाची ईमेल बदलायची तर जुन्या आणि नव्या अशा दोन्ही बाजूंची संमती हवी, असा नियम आला. जुना पत्ता मेलेला किंवा नाव अडवून बसलेल्या माणसाचा, म्हणून तर बदलायचा असतो!

यात सर्वांत जास्त नावं अडकली असतील ती २०१५ च्या सिंहस्थाच्या वेळची. १४ जुलै २०१५ ला ध्वजारोहण झालं, त्याआधीचं वर्षभर नाशिक-त्र्यंबकात जो तो साइट करून घेत होता. लॉज, धर्मशाळा, टॅक्सीवाले, नारायण नागबळीची पूजा सांगणारे गुरुजी. या गुरुजींच्या घरी नामावळीच्या वह्या आहेत. यजमान आला की आपलं गाव, आपलं कूळ तो स्वतःच्या हाताने लिहितो, सही करतो, आणि पन्नास वर्षांनी नातू आला तर ते अक्षर दाखवता येतं. डोमेनच्या वहीत मात्र याच गुरुजींचं नाव भलत्याच्या हाताने, भलत्याच्या पत्त्यावर लिहिलं गेलं.

२५ मे २०१८ ला युरोपचा खासगीपणाचा कायदा लागू झाला आणि ती उघडी वही बहुतांशी झाकली गेली. फोन कमी झाले, हे चांगलं झालं. पण त्याआधी मी गिऱ्हाइकाला माझ्या स्क्रीनवर दाखवू शकत होतो, की पाहा, इथे तुमची ईमेल नाही. आता तेही गेलं. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला चेन्नईच्या झोहो या सॉफ्टवेअर कंपनीचं नाव तिच्या रजिस्ट्रारने थांबवलं. कारण निराळं होतं, फसव्या मेलच्या तक्रारींचं. कोट्यवधी लोकांचं काम अडलं, कंपनीचे संस्थापक श्रीधर वेंबूंनी ट्विटरवर हाक दिली आणि नाव त्याच दिवशी सुटलं. पिंपळगावच्या माणसाने हाक द्यायची कुणाला? त्याला पॅन, जीएसटीचा दाखला, कंपनीचे कागद पाठवत बसावं लागलं, आणि तोवर द्राक्षं कुणासाठी थांबत नाहीत.

मला सर्वांत खटकतं ते निराळंच. २०१३ च्या त्या करारात ईमेल किंवा फोन, दोन्हींपैकी एकाची खातरजमा चालेल असं लिहिलंय. मोबाइलवर कोड पाठवा, माणसाने तो परत भरावा, झालं. आपल्याकडे गॅसच्या टाकीपासून बँकेपर्यंत सगळं ओटीपीवर चालतं, भाजीवालीसुद्धा ते करते. व्हॉल्व्हवाल्याची चार कार्डं सांगतात की ईमेल मरते, नंबर टिकतो. तरी बहुतेक कंपन्यांनी ईमेलचाच मार्ग धरला, तिला खर्च येत नाही म्हणून. देवनागरीतलं ‘डॉट भारत’ २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, नाव मराठीत घेता येतं. मग ते थांबवण्याची सूचना मराठीत का येऊ नये? भारतात धंदा करणाऱ्या रजिस्ट्रारांवर एवढं बंधन घालायला हवं: आधी मोबाइलवर कोड, सोबत गिऱ्हाइकाच्या भाषेतला संदेश, आणि नाव थांबवण्याआधी एक फोन. निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटना विजेच्या दरावर आवाज उठवतात. सभासदांच्या नावांचा प्रश्नही त्यांनी हाती घ्यावा.

पुढच्या सिंहस्थाची कामं आता माझ्याकडे येऊ लागलीत. कार्डावर वेबसाइट छापायची असेल तर मी आधी विचारतो, याची नोंद कुठल्या ईमेलवर आहे आणि ती तुमच्याकडे उघडते का. त्र्यंबकच्या एका गुरुजींना उत्तर देता आलं नाही. साइट गेल्या सिंहस्थाच्या आधीची, करून देणाऱ्याचा फोन बंद. दर वर्षी कुणीतरी पैसे भरून घेतं, पावती व्हॉट्सॲपवर येते. पावतीवरून रजिस्ट्रारचं नाव काढलं, गुरुजींच्या मुलाने आधार, पॅन आणि जुनी बिलं जोडून अर्ज पाठवलाय. छपाई मी थांबवली आहे.