दगडाला धडकणारा मासा

नंदगड म्हटलं की माणसं संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीची वाट विचारतात, आणि ते रीतसरच आहे. 26 जानेवारी 1831 रोजी इंग्रजांनी रायण्णाला इथेच फाशी दिलं. संपादकांनी मला धाडलं होतं ते मात्र भलत्याच कामाला. याच खानापूर तालुक्यातली पोरं म्हणे हल्ली गांडूळ न लावता, प्लास्टिकचा मासा फेकून मासे धरतात. ते काय प्रकरण आहे ते बघून या, असा निरोप होता.

या तालुक्यातून दोन नद्या दोन दिशांना जातात. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, खानापुरावरून पूर्वेला वळते, सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात अडते आणि पुढे कूडलसंगमला कृष्णेत मिळते. म्हादई भीमगडच्या जंगलात देगावच्या बाजूला जन्मते आणि पश्चिमेला गोव्यात उतरून मांडवी होते. एकाच तालुक्यातल्या माणसाला त्यामुळे दोन पाणी ठाऊक असतात: घाटावरचं तळं-डोहांचं गोडं पाणी, आणि घाटाखालचं भरती-ओहोटीचं खारं. प्लास्टिकचा मासा या दोन्ही पाण्यांत सारखाच चालतो का, हा माझा खरा प्रश्न होता. उत्तर आधीच सांगतो: नाही.

मला तळ्यावर घेऊन गेलेल्या तरुणाने पेटी उघडली. कप्प्याकप्प्यांत रंगीत मासे. त्याने उचलला तो अंगठ्याएवढा, पोट फुगलेला, पाठ हिरवी, बाजू रुपेरी. पोटाखाली एक आणि शेपटीला एक असे दोन तिहेरी गळ. तोंडाखालून पारदर्शक प्लास्टिकची चकती पुढे आलेली. तिला तो ‘लिप’ म्हणतो आणि या वस्तूला ‘क्रँकबेट’. कानाशी धरून हलवलं तर आत गोळ्या खुळखुळतात. बांधावरून म्हशी नेणाऱ्या म्हाताऱ्याने थांबून विचारलं, “काय करूलास रे? हे असलं मासं खातंय काय ते?” तरुण हसला. “खात नाही काका, चावतंय.”

या दोन शब्दांतला फरक ऐकायला गमतीचा असला तरी सगळी विद्या त्यातच आहे. गांडूळ लावून बसणारा भुकेल्या माशाची वाट बघतो. क्रँकबेटवाला पोट भरलेल्या माशालासुद्धा चिडवून, दचकवून तोंड उघडायला लावतो. आणि हे काम बहुतांशी ती चकती करते.

ती कशी, हे मी तळ्याकाठी उकिडवा बसून बराच वेळ पाहत राहिलो. क्रँकबेट मुळात तरंगतो. फेकला की पाण्यावर पडून राहतो. रीळ फिरवायला लागलं की पाणी चकतीवर आदळतं, नाक खाली दाबलं जातं आणि मासा खाली निघतो. पण सरळ नाही. चकतीच्या एका कडेवरून भोवरा सुटतो, मग दुसऱ्या कडेवरून. त्या आळीपाळीच्या धक्क्यांनी सगळं अंग डावी-उजवीकडे डुलतं. चकती लहान आणि उभी असेल तर तो हात-दोन हात खोल जातो. लांब आणि जवळजवळ अंगाच्या रेषेत असेल तर दहा-पंधरा फूट, कधी त्याहून खाली. दोरा कुठे बांधायचा तेही महत्त्वाचं: उथळ जाणाऱ्याची कडी नाकावर असते, खोल जाणाऱ्याची चकतीवर पुढे. पतंगाची कणी जरा वरखाली बांधली की त्याची सगळी चाल बदलते, तसलंच हे गणित.

कडी केसभर वाकडी असली तरी मासा एका अंगाला पळतो. तरुणाने पहिल्याच फेकीला ते ओळखलं. मासा डावीकडे झुकत येत होता. त्याने खिशातली पक्कड काढली, कडी उजवीकडे इतकी थोडी वाकवली की मला हललेलीसुद्धा दिसली नाही, आणि पुढच्या फेकीला तो सुतासारखा सरळ आला. ही जुळवणी दुकानातून आणलेल्या नव्या मालालाही करावी लागते. महागाचा घेतला म्हणजे सरळ पोहेल अशी हमी नाही.

या वस्तूचा इतिहास थोडक्यात उरकतो. फिनलंडचा लाउरी रापाला हा मच्छीमार. थव्यातला जो मासा दुखावल्यासारखा लटपटत पोहतो त्याच्यावरच मोठा मासा तुटून पडतो, हे त्याने पाहिलं आणि 1936 च्या सुमारास चांभाराच्या सुरीने बुचाच्या लाकडातून तसा लटपटणारा मासा कोरला. वर चॉकलेटची चांदी चिकटवली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. पुढे त्याच्या नावाची कंपनी जगभर गेली. अमेरिकेत टेनेसीतल्या ओक रिज गावच्या फ्रेड यंगने 1960 च्या दशकात बाल्सा लाकडाचा पोटाळ, आखूड मासा कोरला आणि आपल्या आडदांड भावावरून त्याला ‘बिग ओ’ नाव दिलं. आजचा बुटका क्रँकबेट त्याच वंशातला. दोघांनीही आधी मासा बघितला, मग चाकू उचलला. मला या इतिहासात आवडलं ते एवढंच. कोरीव कामाचा हात आपल्याकडे कमी नाही. सावंतवाडीची लाकडी फळं बघितली की वाटतं, तिथे कुणी हे मासे का करू नयेत?

हे सगळं अमेरिकेत वाढलं ते बास नावाच्या माशासाठी. हा मासा आपल्या नद्यांत नाही. पण बुडालेल्या ओंडक्याच्या सावलीत दबा धरून बसायचं आणि जवळून गेलेल्यावर झडप घालायची ही त्याची वृत्ती आपल्या मरळीची आहे आणि गोव्याच्या चोणकाची, म्हणजे कोकणातल्या जिताड्याची, तर फारच आहे. म्हणून तिकडची बरीचशी शिकवण इकडे लागू पडते, थोडी दुरुस्ती करून.

पहिली शिकवण रॉडची. नवशिका दुकानात जाऊन कडक रॉड मागतो, कारण कडक म्हणजे मजबूत असं त्याला वाटतं. क्रँकबेटला ते घातक. तिहेरी गळांचे आकडे बारीक असतात, माशाच्या ओठात जेमतेम रुततात. कडक रॉडने हिसडा दिला की कातडी फाटते आणि मासा जातो. इथे मधोमध वाकणारा, काहीसा सुस्त रॉड लागतो. साडेसहा-सात फुटांचा, ग्लास फायबरचा किंवा त्याची मिसळ असलेला. मासा चावल्यावर हिसडायचं नाही. रीळ फिरवत राहायचं, रॉड वाकू द्यायचा, वजन आलं की बाजूला ओढायचं. मरळीला रबरी बेडकाने धरणाऱ्यांना हे फार जड जातं, कारण तिथे उलट सणसणीत हिसडा द्यावा लागतो.

रिळाचंही तसंच. हल्ली सगळ्यांना वेगवान रीळ हवं असतं. हँडलच्या एका फेरीत स्पूलच्या पाच फेऱ्या होणारं सावकाश रीळ खोल जाणाऱ्या माशाला बरं: ओढताना हाताला दम लागत नाही आणि घाई आपोआप आवरते. दोऱ्याची जाडी तर थेट खोली ठरवते. जाड दोरा पाण्यात जास्त अडतो, मासा वर राहतो. ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, बारीक असूनही दणकट, म्हणून त्यावर मासा खोल उतरतो. पण ब्रेड ताणला जात नाही, तेव्हा रॉड आणखी मऊ हवा. चोणकासाठी पुढे हातभर लांब जाड दोरा, म्हणजे लीडर, बांधल्याशिवाय फेकूच नये. त्याच्या गालफडाची कड पात्यासारखी असते, एका झटक्यात दोरा कापते.

ओढण्याची रीत सांगताना तरुणाचा चेहरा खुलला. जिथे मासा असेल असं वाटतं त्याच्या बऱ्याच पलीकडे फेकायचं. कारण खोली गाठायला वाट लागते, आणि परत येताना काठाजवळ तो पुन्हा वर चढतो. खऱ्या खोलीत तो मधल्या पट्ट्यातच असतो. रॉडचं टोक पाण्याकडे खाली ठेवायचं. पहिल्या पाच-सहा फेऱ्या जोरात, मग संथ. अमेरिकेची बासमास्टर क्लासिक ही मोठी स्पर्धा 1982 साली पॉल एलियासने जिंकली ती होडीत गुडघे टेकून आणि रॉड पाण्यात खुपसून ओढत. मासा आणखी काही फूट खाली जावा म्हणून. आपल्याकडे काठावरून फेकणाऱ्याने एवढं करायची गरज नाही, पण टोक आभाळाकडे करून ओढणारे मी दोन-चार पाहिले. ते फक्त पाणी ढवळत होते.

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला घेतलं. क्रँकबेट दगडाला लागला पाहिजे. नवा माणूस अडकेल म्हणून दगडापासून लांब फेकतो. जाणता मुद्दाम दगडांतून नेतो. चकती पुढे आणि खाली असते, गळ मागे आणि वर. म्हणून आधी चकती धडकते आणि गळ बऱ्याचदा दगडाला लागतच नाहीत. धडकला की मासा एकदम बाजूला उडतो. बहुतेक चावे याच क्षणी येतात. इतका वेळ एका चालीने जाणारं काहीतरी अचानक दचकलं, की दबा धरलेल्याला राहवत नाही. धडक बसली की अर्धा क्षण थांबायचं. मासा तरंगणारा, तो आपसूक दोन बोटं वर उठतो आणि अडलेला सुटतो. आपण मात्र घाबरून जोरात ओढतो, आणि चकती फटीत घट्ट बसते.

मला हे नुसतं ऐकून पटलं नसतं. त्याने रॉड माझ्या हातात दिला. डुलण्याची थरथर दोऱ्यातून, रॉडमधून थेट मुठीत येते, बारीक आणि एकसारखी. मध्येच टक् लागलं, दगड. मग थरथर मेली. पान अडकलं होतं. “थरथर थांबली की दोनच गोष्टी, सर,” तो म्हणाला, “कचरा नाहीतर मासा. दोन्हीला ओढून बघायचं की.” त्या दुपारी कचराच आला.

कचराच येणार होता, कारण हे तळं क्रँकबेटचं नव्हेच. घाटावरची जुनी तळी पाणवनस्पतींनी भरलेली असतात आणि मरळ त्या शेवाळात, कमळाच्या पानांखाली राहते. उघडे सहा आकडे घेऊन तिथे गेलं की दर फेकीला भारा बाहेर येतो. तिथे पोकळ रबरी बेडूक हवा, ज्याचे आकडे पाठीला टेकलेले असतात आणि जो पानांवरून सरकत येतो. क्रँकबेटला लागतं ते मोकळं, दगडाळ पाणी: धरणाच्या बांधाची दगडी बाजू, उन्हाळ्यात उरलेले मलप्रभेचे डोह, आणि सगळ्यांत चांगलं म्हणजे गोव्यातल्या खाड्यांचे पुलाचे खांब आणि खाजणांच्या मानशी, म्हणजे पाण्याची दारं, जिथे ओहोटीला लहान मासे बाहेर पडतात आणि चोणक तोंड उघडून उभा असतो. तिथे कारखान्यातून आलेले गळ काढून जाड तारेचे बसवावे लागतात. चोणक नाजूक गळ सरळ करून टाकतो.

पण अडचणी एवढ्यावर थांबत नाहीत. तळी बहुधा ठेक्याने दिलेली असतात. ठेकेदाराने कटला-रोहूचं बीज सोडलेलं असतं, आणि काठावर रॉड घेतलेला पोरगा दिसला की त्याला चोरच वाटतो. त्याला विचारून गेलं तर पुष्कळदा तो हो म्हणतो, कारण मरळ त्याचं बीज खाते आणि ती गेलेली त्याला हवीच असते. भीमगड 2011 साली अभयारण्य झालं. तिथे गळ टाकायचा विचारसुद्धा करू नये. पावसाळ्याचे चार महिने पाणी गढूळ, तेव्हा खुळखुळणारे भडक मासेही फारसे चालत नाहीत.

आणि त्याच पावसाळ्यात मरळ पिलं सांभाळते. पाण्यावर लालसर पिलांचा थवा फिरतो, खाली आई-बाप राखण करत असतात. थव्यात काहीही फेकलं की ते चावतात. भुकेने नाही, पिलांसाठी. समाजमाध्यमांवर मिरवल्या जाणाऱ्या मोठ्या मरळींतल्या कित्येक अशाच धरलेल्या असतात. राखणारे गेले की थवा इतर माशांच्या पोटात जातो. याला मी कसब म्हणणार नाही.

चोणकाचा हिशोब आणखी वेगळा. तो आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी सगळ्यांना हवा असतो तो सगळ्यांत मोठा चोणक बहुधा अंडी घालणारी मादी असते. मधल्या मापाचा खावा, मोठा सोडावा, हा हिशोब सोपा आहे. पण बाजारात मोठ्यालाच भाव.

सोडायचा म्हटलं तर तिहेरी गळ आडवे येतात. एक आकडा ओठात, दुसरा डोळ्याजवळ, तिसरा आपल्या बोटात. तरुणाने आपल्या बऱ्याच क्रँकबेटचे तिहेरी गळ काढून एकेरी बसवलेत आणि त्यांचे काटे पक्कडीने दाबून गुळगुळीत केलेत. काही मासे सुटतात, त्याची त्याला फिकीर नाही. एकेरी गळाचं वजन कमी, त्यामुळे मासा जरा जास्त डुलतो आणि तरंगतोही चटकन. बारीक शिशाची पट्टी पोटाला चिकटवून तो तोल पुन्हा जमवतो.

नंदगड-खानापूरकडच्या कुणाला हे वाचून पेटी भरायची हुक्की आली असेल, तर त्याला माझं सांगणं असं: आधी दोन बेडूक घ्या, क्रँकबेट नंतर. गोव्याला उतरणार असाल तर सहा-आठ फूट जाणारा एक आणि उथळ चालणारा एक, एवढे पुरे. रंगांच्या नादी लागू नका, दुकानातले निम्मे रंग माणसांना पकडायला असतात. नवा मासा घरच्या हौदात सरळ चालवून बघा. लांब नाकाची पक्कड खिशात नसेल तर पाण्याकडे जाऊच नका. आणि जून ते सप्टेंबर लाल पिलांचा थवा दिसला, तर रॉड घडी करून घरी या.