माजलगाव धरणातला छोटा मासा मोठा होऊ द्या

आजचा भाग माशांवर आहे. कोकणातल्या नाही, आपल्या बीडच्या.

"दुष्काळी जिल्ह्यात कसले मासे?" असं कुणी म्हणालं, तर त्याला माजलगावला न्या. सिंदफणा नदीवरचं हे धरण जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातलं. पैठणच्या उजव्या कालव्याचं पाणीही इथं येतं. अशा धरणांतली मुख्य कमाई म्हणजे रोहू, कटला आणि मृगळ.

आता गंमत बघा. या तिन्ही माशांना अंडी घालायला वाहतं पाणी लागतं. धरणाच्या साचलेल्या पाण्यात त्यांची वाढ होते, पण पैदास नीट होत नाही. म्हणून बाहेरून बोटुकली आणून सोडावी लागते. बोटुकली म्हणजे बोटाएवढं पिल्लू. थोडक्यात, ही पेरणीच आहे. आणि पेरलेलं पीक गुडघ्याएवढं असतानाच कापलं तर?

साधा हिशोब करू. समजा, पाव किलोपेक्षा लहान, 200 ग्रॅमचे 100 मासे आज धरले. झाले 20 किलो. तेच वर्षभर राहू दिले, त्यातले 40 मेले असं धरलं, आणि उरलेले 60 मासे 800 ग्रॅमचे झाले, तर 48 किलो. दुपटीहून जास्त! वर मोठ्या रोहू-कटल्याला किलोमागे भावही जास्त मिळतो.

मग छोटा मासा सापडला की परत सोडायचा का? सोडावा, पण जाळ्यात अडकलेला मासा बरेचदा जगत नाही. खरा इलाज जाळ्यातच आहे. जाळ्याची आस, म्हणजे डोळा, मोठी ठेवली की छोटा मासा आपोआप निसटतो. बारीक आसाचं जाळं मात्र सगळंच ओरबाडून काढतं.

दुसरा मुद्दा पावसाळ्याचा. पूर आला की अंडी भरलेल्या माद्या वरच्या प्रवाहाकडे निघतात. मोठ्या रोहूच्या पोटात लाखांनी अंडी असतात. त्याच वेळी नदीच्या तोंडाशी जाळं लावलं, तर निसर्गाकडून होणारी थोडीफार पैदासही थांबते. समुद्रात आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, ती याच विचारानं.

तिसरा मुद्दा आपला खास: दुष्काळ. 2016 मध्ये केज तालुक्यातलं मांजरा धरण आटलं आणि लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, आठवतंय? पाणी आटतं तसे मासे उरलेल्या डोहात दाटतात आणि धरायला एकदम सोपे होतात. डोह पूर्ण कोरडा पडणार असेल तर मासे काढलेलेच बरे. पण पाणी टिकणार असेल तर तिथले मोठे मासे राखायला हवेत. पुढच्या पावसाची पैदास त्यांच्यावरच आहे.

यात भरडतं कोण? धरणं साधारणपणे मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिली जातात. ठेका त्यांनी भरायचा, बोटुकली त्यांनी सोडायची, आणि रात्री कुणी बारीक जाळं टाकून गेलं की वर्षाची मेहनत गेली. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणं तर 1897 च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे.

तुम्ही काय कराल? बाजारात तळहाताएवढा रोहू दिसला तर घेऊ नका. विकणाऱ्या मावशींशी हुज्जत नको, फक्त "मोठा आला की सांगा" म्हणा. गिऱ्हाईक नसेल तर बारीक जाळं परवडत नाही.

हा भाग धरणाकाठच्या मित्राला पाठवा. भेटू पुढच्या भागात!