‘अमर्याद’ वेब होस्टिंग आणि त्यातील अव्यक्त मर्यादा

सामायिक वेब होस्टिंगच्या जाहिरातींत ‘अमर्याद’ हे विशेषण प्रायः दोन राशींना लावलेले असते. एक, डिस्कवरील जागा. दुसरी, बँडविड्थ, म्हणजे संकेतस्थळावरून होणारी माहितीची वाहतूक. वस्तुतः सर्व्हर हे एक यंत्र आहे. त्याची डिस्क, मेमरी व सीपीयू ही सर्व परिमित असून ती अनेक ग्राहकांत वाटलेली असतात. परिमित साधनांतून अमर्याद दान कसे संभवते, या प्रश्नाचे उत्तर आपले नियतकालिक वा संशोधनसामग्री अशा योजनेवर ठेवू इच्छिणाऱ्या विभागांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

उत्तराचा पहिला भाग संभाव्यताशास्त्रात सापडतो. सर्व ग्राहक एकाच वेळी दूरध्वनी करीत नाहीत. म्हणून ग्राहकांच्या संख्येहून पुष्कळ कमी तारांवर काम भागते. ठराविक तारा असता किती मागण्या नाकाराव्या लागतील, याचे सूत्र कोपनहेगन टेलिफोन कंपनीतील गणिती आग्नेर एरलांग याने १९१७ साली मांडले. सामायिक होस्टिंगचा व्यवसाय याच तत्त्वावर चालतो. बहुसंख्य संकेतस्थळे लहान असतात, त्यांचे वाचकही थोडे असतात. त्यांनी न वापरलेली जागा इतरांच्या उपयोगी पडते. एवढ्यापुरता हा व्यवहार निर्दोष आहे.

खरी मेख पुढेच आहे. जी राशी अमर्याद म्हणून घोषित केली जाते, ती बहुधा प्रथम संपणारी राशी नसते. लिनक्समधील ईएक्सटी-४ या फाइल-पद्धतीचे उदाहरण घेता येईल. तीत प्रत्येक फाइलीस व फोल्डरास ‘इनोड’ नावाची एक नोंद लागते आणि अशा नोंदींची एकूण संख्या फाइल-पद्धतीची रचना करतानाच ठरते. साहजिकच प्रत्येक खात्याच्या इनोडांवर बंधन घातले जाते. समजा, हे बंधन २,००,००० आहे आणि फाइलीचा सरासरी आकार १० किलोबाइट आहे. तर सुमारे २ गिगाबाइट सामग्री साठताच खाते भरते. जुन्या अंकांच्या पानांच्या लघुप्रतिमा, कॅशमधील तुकडे, तसेच प्रत्येक पत्र स्वतंत्र फाइलीत साठत असल्यास सारा ई-मेलही या गणनेत येतो. जागा अमर्याद राहते. ती भरण्याचा अधिकार मात्र मर्यादित होतो.

दुसरे बंधन एकाच वेळी चालणाऱ्या कामांवर असते. होस्टिंग कंपन्यांत रूढ असलेल्या क्लाउडलिनक्स या प्रणालीत प्रत्येक खात्यास सीपीयू, मेमरी, डिस्कवरील वाचन-लेखनाचा वेग व एकसमयी प्रवेश-प्रोसेस यांच्या स्वतंत्र मर्यादा घालता येतात. प्रवेश-प्रोसेसची मर्यादा ओलांडली, की वाचकास पानाऐवजी ५०८ क्रमांकाची त्रुटी दिसते. या मर्यादेचा अर्थ जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमावरून स्पष्ट होतो. स्थिर अवस्थेत, चालू कामांची सरासरी संख्या ही मागण्यांचा दर व प्रत्येक मागणीस लागणारा सरासरी वेळ यांच्या गुणाकाराइतकी असते. मर्यादा २० प्रोसेसची असून पान अर्ध्या सेकंदात तयार होत असेल, तर सेकंदास अधिकाधिक ४० मागण्या पुऱ्या होतील. डेटाबेस मंदावून तोच वेळ ४ सेकंद झाला, तर केवळ ५. प्रवेशसूची वा निकाल जाहीर होण्याच्या दिवशी हा फरक निर्णायक ठरतो. महिन्याची एकूण वाहतूक नगण्य असूनही संकेतस्थळ नेमके त्याच घटकेस बंद पडते.

ही बंधने जाहिरातीत क्वचितच दिसतात. ती सेवाशर्तींत ‘योग्य वापर’ अशा सौम्य शीर्षकाखाली आढळतात. ताशी किती ई-मेल पाठवता येतील, हेही तेथेच ठरलेले असते. यांतील सर्वांत घातक अट बॅकअपविषयीची होय. काही योजनांत फाइलींची संख्या विशिष्ट आकड्यापलीकडे गेल्यास त्या खात्याची प्रत घेणे थांबते. संकेतस्थळ पूर्ववत चालू राहिल्याने ही गोष्ट ध्यानी येत नाही. डिस्क बिघडल्यावरच ती उघड होते, आणि तोवर उपाय उरलेला नसतो.

तात्पर्य, योजना निवडताना जागा किती, यापेक्षा इनोड किती, एकसमयी प्रोसेस किती, सीपीयू व मेमरीचा वाटा किती आणि बॅकअपची अट कोणती, हे लेखी विचारणे श्रेयस्कर. विभागाने आपली एक प्रत स्वतंत्र ठेवावी, हेही ओघाने आलेच. ज्ञात मर्यादेत नियोजन करता येते. अज्ञात मर्यादेचा हिशेब मांडता येत नाही. त्या दृष्टीने आपल्या मर्यादा स्पष्ट सांगणारी योजनाच ‘अमर्याद’ योजनेहून अधिक विश्वसनीय होय.