शिलालेखाचे छायाचित्रण: मोबाईल कॅमेऱ्याचा अभ्यासासाठी वापर

मराठीच्या आरंभकाळाचा अभ्यास शिलालेखांशिवाय पुरा होत नाही. रायगड जिल्ह्यातील अक्षी येथील शिलालेख शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ मधील मानला जातो. असे अनेक लेख उघड्यावर आहेत आणि ऊन-पावसाने त्यांची अक्षरे झिजत आहेत. उद्या एखादे अक्षर दगडावरून नाहीसे झाले, तर आज घेतलेले छायाचित्र हाच त्याच्या वाचनाचा आधार उरेल. म्हणून येथे छायाचित्र देखणे असण्यापेक्षा वाचनीय असणे महत्त्वाचे ठरते.

१. प्रकाशाची दिशा

कोरलेले अक्षर आणि भोवतालचा दगड यांचा रंग बहुधा एकच असतो. अक्षर दिसते ते खाचेत पडणाऱ्या सावलीमुळे. प्रकाश समोरून आला की ही सावलीच नाहीशी होते. मोबाईलचा फ्लॅश भिंगाच्या शेजारी असल्याने नेमके हेच घडते. म्हणून तो बंद ठेवावा. किरण दगडाला घासून जातील अशी वेळ निवडावी. उभ्या, पूर्वाभिमुख लेखावर अशी वेळ ऊन निघून जाण्याच्या सुमारास, तर पश्चिमाभिमुख लेखावर ऊन नुकतेच येऊ लागल्यावर मिळते. ऊन न पोहोचणाऱ्या लेखासाठी संध्याकाळी दुसऱ्या मोबाईलची विजेरी बाजूने, दगडालगत धरावी.

डावी-उजवीकडील प्रकाशात काना ठळक दिसतो, पण शिरोरेषा पुसट होते. वरून येणाऱ्या प्रकाशात याच्या उलट घडते. म्हणून प्रत्येक भागाची किमान दोन दिशांच्या प्रकाशात छायाचित्रे घ्यावीत.

२. कॅमेऱ्याची हाताळणी

प्रथम भिंग मऊ, कोरड्या कापडाने पुसावे. मोबाईल लेखाच्या पृष्ठभागाला समांतर धरावा. तिरपा धरल्यास अक्षरांची प्रमाणे बिघडतात. पडद्यावर अक्षराला स्पर्श करून केंद्रीकरण साधावे आणि दगड पांढुरका दिसत असल्यास उजळपणा कमी करावा. झूम वापरण्यापेक्षा शक्य तितके जवळ जावे. आधी मोजपट्टीसह संपूर्ण लेख आणि मग प्रत्येक ओळीचे भाग टिपावेत. लगतच्या दोन छायाचित्रांत काही अक्षरे सामाईक असावीत.

३. घ्यावयाची दक्षता

अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा तेल लावू नये, तसेच दगड घासू नये; त्याने लेखाची हानी होते. स्थळ, दिनांक, वेळ आणि लेखाची दिशा वहीत नोंदवावी. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठवलेल्या छायाचित्रातील तपशील घटतो. म्हणून मूळ फाइल जपावी व पाठवताना ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

हस्तलिखिताच्या बाबतीत मात्र नियम उलटा होतो. तेथे अक्षर शाईच्या रंगामुळे दिसते. सावली वाचनात अडथळा आणते. म्हणून मोडी दस्तऐवज खिडकीजवळच्या सौम्य, समप्रमाण प्रकाशात टिपावा. थोडक्यात, अक्षर कशामुळे दिसते हे आधी ओळखावे आणि त्यानुसार प्रकाश निवडावा.

कृती: आपल्या परिसरातील शिलालेख, वीरगळ किंवा कोरीव पाटी निवडा. तिची समोरून, बाजूने आणि वरून आलेल्या प्रकाशात तीन छायाचित्रे घ्या. कोणत्या छायाचित्रात कोणती अक्षरे स्पष्ट वाचता आली, ते आठ-दहा ओळींत लिहा.